तोफेची झाली छऱ्यांची बंदूक! असईच्या मैदानापासून आजच्या रणगाड्यापर्यंत टिकून राहिलेला ‘डबा’

२३ सप्टेंबर १८०३ची दुपार. आजच्या जालना जिल्ह्यातलं असई हे छोटंसं गाव. खेळणा आणि जुई या दोन नद्यांच्या बेचक्यात आर्थर वेलस्लीच्या पलटणी रांगा धरून पुढे सरकत होत्या आणि समोर दौलतराव शिंदे आणि नागपूरकर रघुजी भोसले यांच्या फौजेच्या तोफा उभ्या होत्या.

वेलस्लीने आपल्या तोफा पुढे आणून पाहिल्या, पण मराठी तोफांनी त्या थोड्याच वेळात गप्प केल्या. तोफा ओढणारे बैलच मारले गेले. शेवटी त्याने तोफा मागे सोडल्या आणि पायदळाला सरळ पुढे चालायचा हुकूम दिला.

लांबून येत होते ते लोखंडी भरीव गोळे. असा गोळा रांगेत घुसला की एका ओळीतले दोन-तीन जण जात, बाकीची रांग पुढे येत राही. पण अंतर कमी झालं तसं गोलंदाजांनी तोफेत भरायची वस्तू बदलली. आता एक गोळा नव्हता, आता होते छर्रे. एका धडाक्यात डझनांनी.

त्या दिवशी ७४व्या हायलँड पलटणीची वाट चुकली. तिच्या पुढे असलेली तुकडी उजवीकडे जास्तच सरकली आणि थेट असई गावाभोवतीच्या तोफांच्या तोंडासमोर जाऊन पोचली. तिच्या मागोमाग ७४वी पलटणही तिथेच गेली. आधी तोफांनी आणि मग घोडदळाने तिला घेरलं. सुमारे ५०० माणसांच्या या पलटणीतले चारशेच्या आसपास संध्याकाळपर्यंत ठार किंवा जखमी झाले होते.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि वॉटर्लूला नेपोलियनला हरवून आला. तरीही म्हातारपणी, ‘तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती?’ असं विचारल्यावर त्याने ‘असई’ हे एकच नाव घेतलं, असं सांगतात.

आता गंमत अशी की, असईच्या मैदानावर वापरलेली ही युक्ती आजच्या अत्याधुनिक अमेरिकन रणगाड्यातही सापडते. संगणक, लेझर, रात्री दिसणारे कॅमेरे, सगळं आहे आणि त्याच्या शेजारी गोळ्यांच्या कप्प्यात हा डबाही आहे. मधल्या दोनशे वर्षांत त्याला किमान दोनदा निकालात काढण्यात आलं होतं. तो परत का आला, ही खरी गोष्ट.

‘डबा’ म्हणजे नेमकं काय?

इंग्रजीत याला ‘कॅनिस्टर शॉट’ म्हणतात. कॅनिस्टर म्हणजे अक्षरशः डबा! पत्र्याचा एक गोल डबा, त्यात लोखंडाच्या किंवा शिशाच्या गोळ्या, गोळ्यांच्या मधल्या फटींत लाकडाचा भुसा आणि बुडाला लाकडी चकती. तोफेला बत्ती दिली की डबा नळीतून बाहेर पडताना फुटतो आणि आतल्या गोळ्या पंख्यासारख्या पसरत जातात. यात स्फोट होणारं काहीही नसतं. दारू फक्त मागे, ढकलायला. शिकारीच्या बारा बोअरच्या काडतुसात जे असतं तेच, फक्त तोफेच्या मापाचं.

याचाच मोठा भाऊ म्हणजे ‘ग्रेपशॉट’. मधोमध एक लाकडी दांडा, त्याभोवती रचलेल्या मोठ्या गोळ्या आणि वरून कॅनव्हासची पिशवी दोरीने करकचून आवळलेली. दिसायला हुबेहूब द्राक्षांचा घड, म्हणून हे नाव. याचा वापर जास्त करून जहाजांवर व्हायचा, कारण मोठ्या गोळ्या शिडं, दोरखंड आणि माणसं सगळंच फाडत. जुन्या लढायांच्या वर्णनात मात्र या दोन्हींची सर्रास सरमिसळ झालेली दिसते. इंग्रज अधिकारी डब्याच्या छऱ्यांनाही ‘ग्रेप’ लिहून मोकळे होत. त्यामुळे जुन्या कागदात ‘ग्रेप’ दिसलं की ते द्राक्षांच्या घडासारखंच असेल असं समजायचं कारण नाही.

शेवटच्या ३०० मीटरचा हिशेब

हे हत्यार इतकं घातक का, हे समजायला थोडा हिशेब करावा लागेल.

त्या काळची पलटण झपझप चालली तरी मिनिटाला साधारण ८० मीटर जायची. पळत जाऊन चालत नसे, कारण रांग मोडली की बंदुकीचा मारा आणि संगिनीचा हल्ला दोन्ही निकामी. म्हणजे तोफेपासून ३०० मीटरवर आल्यावर शेवटचं अंतर कापायला जवळपास चार मिनिटं. चांगला सराव असलेले गोलंदाज डब्याचे मिनिटाला दोन-तीन बार काढत. म्हणजे एका तोफेला आठ-दहा संधी. एका डब्यात पंचवीस-तीस गोळ्या धरल्या तरी एकटी तोफ त्या चार मिनिटांत दोन-अडीचशे गोळ्या ओकते. अशा शेजारी शेजारी वीस तोफा असतील तर?

दुसरी गोष्ट पसरण्याची. साधारण १०० मीटर अंतरावर छर्रे १० मीटर रुंदीत पसरतात, २०० मीटरवर २० मीटर. म्हणजे नेम धरायची फार गरजच नाही. तोफेचं तोंड रांगेकडे वळवलं की झालं. पण याच गणिताची दुसरी बाजू अशी की अंतर वाढलं की छर्रे विरळ होतात, गोल गोळ्यांचा वेग हवेत लवकर मरतो आणि चारशे मीटरच्या पुढे सगळा धुरळाच. हा डबा फक्त जवळचा. तोफ हातची जाणार की राहणार, हे ठरवणाऱ्या त्या शेवटच्या टप्प्यातला.

म्हणूनच डबा भरायचा म्हणजे गोलंदाजाला जागेवर उभं राहावं लागे. शत्रूचे चेहरे दिसेपर्यंत.

असईला हेच झालं. संगिनी अंगावर येईपर्यंत मराठी गोलंदाज तोफा सोडून हटले नाहीत. इतकंच नाही, तर इंग्रज रांग तोफा ओलांडून पुढे गेल्यावर मेल्याचं सोंग घेऊन पडलेले काही गोलंदाज उठले, त्यांनी तोफा फिरवल्या आणि पुढे गेलेल्या पलटणींच्या पाठीत छर्रे झाडले. वेलस्लीला स्वतः ७८वी पलटण आणि देशी घोडदळ घेऊन मागे यावं लागलं आणि त्याच तोफा दुसऱ्यांदा जिंकाव्या लागल्या. या धांदलीत त्याच्या अंगाखालच्या दुसऱ्या घोड्यालाही भाला लागला. पहिला घोडा आधीच मेला होता.

दिवसअखेर ९८ तोफा इंग्रजांच्या हाती गेल्या, पण त्यांचे ४२८ मेले आणि ११३८ जखमी झाले.

या तोफखान्यामागे महादजी शिंद्यांनी घातलेला पाया होता. बन्वा द बॉयन या फ्रेंचभाषक सेनानीकडून त्यांनी कवायती पलटणी उभ्या करून घेतल्या आणि आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली तोफा ओतल्या जाऊ लागल्या. या कवायती ब्रिगेडला तेव्हा ‘कंपू’ म्हणत. आज आपण टोळक्याला कंपू म्हणतो तो शब्द हाच. आणि ‘गोलंदाज’ हा शब्द तर आपण क्रिकेटला देऊनच टाकला!

पॅरिसचे रस्ते, पीटर्सबर्गचा चौक

छऱ्यांचा डबा फक्त रणांगणावरच चालला असं नाही. ५ ऑक्टोबर १७९५ रोजी पॅरिसमध्ये राजेशाहीच्या बाजूचे हजारो सशस्त्र लोक सरकारवर चाल करून आले. बचावाचं काम एका तरुण तोफखाना अधिकाऱ्याकडे होतं, त्याचं नाव नेपोलियन बोनापार्ट. त्याने रातोरात शहराबाहेरून ४० तोफा मागवल्या. त्या आणणारा घोडदळाचा अधिकारी म्हणजे पुढचा प्रसिद्ध सेनापती म्युरा. दुसऱ्या दिवशी अरुंद रस्त्यांवर छर्रे चालले आणि बंड मोडलं. शंभरांनी माणसं पडली. नेपोलियनचं नाव देशभर झालं ते इथून.

तीस वर्षांनी, डिसेंबर १८२५ मध्ये सेंट पीटर्सबर्गच्या सिनेट चौकात बंड करून उभ्या राहिलेल्या सैनिकांवर झार निकोलस पहिला याने हाच प्रयोग केला. चौकात उभी असलेली गर्दी, समोर तोफा, मध्ये आडोसा काही नाही. रांगेतल्या पलटणीसाठी बनवलेलं हत्यार गर्दीवर आणखी सोपं चालतं, हे राज्यकर्त्यांना फार लवकर कळलं होतं.

गेटिसबर्ग आणि नळीतल्या आट्यांचा घोळ

अमेरिकन यादवी युद्धात डब्याचा वापर कळसाला पोचला. १२ पौंडी ‘नेपोलियन’ तोफेच्या एका डब्यात २७ लोखंडी गोळ्या असत. शत्रू अगदीच अंगावर आला तर एकदम दोन डबे भरून बार काढत. ३ जुलै १८६३ला गेटिसबर्गच्या मोकळ्या शेतातून दक्षिणेच्या सुमारे साडेबारा हजार सैनिकांनी उत्तरेच्या रांगेवर चाल केली. शेवटच्या टप्प्यात या डब्यांनी त्यांचं स्वागत केलं. निम्म्याच्या आसपास माणसं ठार, जखमी किंवा कैद झाली. इतिहासात हा हल्ला ‘पिकेट्स चार्ज’ म्हणून ओळखला जातो.

इथे तंत्राचा एक मजेदार मुद्दा आहे. तोवर आटे पाडलेल्या नळीच्या तोफा आल्या होत्या. नळीत आतून नागमोडी खाचा असल्या की गोळा स्वतःभोवती फिरत जातो आणि लांबवर अचूक लागतो. पण डबा अशा नळीतून मारला की तोही गरागरा फिरतो, फुटल्यावर छर्रे बाहेरच्या बाजूला फेकले जातात आणि मधला भाग रिकामा राहतो. मेदुवड्यासारखा! शिवाय आट्यांच्या तोफा बहुधा लहान तोंडाच्या, त्यामुळे छर्रेही कमी. म्हणून अचूक, नव्या तोफा मिळत असूनही दोन्ही बाजूंनी गुळगुळीत नळीच्या जुन्या नेपोलियन शेवटपर्यंत सोडल्या नाहीत. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे रणगाड्याच्या वेळी कामाला येईल.

पण त्याच युद्धात डब्याची पहिली मृत्युघंटाही वाजली. पायदळाच्या हातात आट्यांची बंदूक आली आणि तिचा पल्ला डब्याइतकाच, किंबहुना जास्त झाला. आता सैनिक झाडाआड बसून, छऱ्यांच्या पल्ल्याबाहेरून गोलंदाजालाच टिपू लागला. त्यानंतर काही वर्षांत मशीनगन आली. तोफेने चार मिनिटांत जितक्या गोळ्या सोडायच्या, तितक्या ती पाव-अर्ध्या मिनिटात सोडू लागली. मग तोफ पुढे आणून कशाला मरायचं? तोफा मैलभर मागे गेल्या, टेकडीआड लपल्या. डबा संपला.

हेन्री श्रॅपनेलची वात

खरं तर जवळचा डबा लांबवर कसा न्यायचा याचं उत्तर एका इंग्रज अधिकाऱ्याने फार आधीच शोधलं होतं. त्याचं नाव हेन्री श्रॅपनेल. होय, बातम्यांमध्ये ‘श्रॅपनेल लागून जखमी’ असं आपण वाचतो, तो शब्द या माणसाचं आडनाव आहे.

१७८४च्या सुमारास लेफ्टनंट श्रॅपनेलने आपल्या खर्चाने प्रयोग सुरू केले. कल्पना साधी होती. पोकळ लोखंडी गोळा घ्यायचा, त्यात बंदुकीच्या गोळ्या आणि गोळा जेमतेम फुटेल इतकीच दारू भरायची आणि एक वात बसवायची. वात अंतर पाहून हाताने कापायची. गोळा शत्रूच्या थोडा अलीकडे, डोक्यावर असताना फुटला पाहिजे. मग आतल्या गोळ्या गोळ्याच्याच वेगाने पुढे पसरत जातात. म्हणजे डबा तोच, फक्त तो तोफेच्या तोंडाशी न उघडता हजार मीटरवर जाऊन उघडतो.

ब्रिटिश सैन्याने हा गोळा १८०३ मध्ये स्वीकारला. असईचंच वर्ष. पुढच्या वर्षी सुरिनामच्या मोहिमेत तो पहिल्यांदा वापरला गेला आणि १८०८ मध्ये पोर्तुगालमधल्या विमेइरोच्या लढाईत तो फ्रेंचांवर चालवणारा सेनापती होता, वेलस्ली! पाच वर्षांपूर्वी छर्रे खाल्लेला माणूस आता छर्रे पाठवत होता.

आज ‘श्रॅपनेल’ म्हणजे बॉम्बचे किंवा गोळ्याचे उडालेले तुकडे असा अर्थ झाला आहे. श्रॅपनेलच्या गोळ्यात तुकड्यांना महत्त्वच नव्हतं, मारणाऱ्या होत्या त्या आत भरलेल्या गोळ्या. हत्यार गेलं, आडनाव चुकीच्या वस्तूला चिकटलं.

पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा ब्रिटिशांच्या १८ पौंडी तोफांकडे फक्त श्रॅपनेलचेच गोळे होते, प्रत्येकात ३७५ गोळ्या. मोकळ्यावरच्या पायदळावर ते भयानक चालले. मग सैनिकांनी खंदक खणले. जमिनीत खाली बसलेल्या माणसाला वरून पुढे जाणाऱ्या गोळ्या काय करणार? १९१५ मध्ये आलेलं ब्रिटिश पोलादी शिरस्त्राण पाहिलंत तर ते उलट्या ताटलीसारखं रुंद काठाचं आहे. समोरून येणारी बंदुकीची गोळी त्याने थांबत नसे. ते बनलंच होतं वरून पडणाऱ्या श्रॅपनेलच्या गोळ्यांसाठी आणि उडणाऱ्या तुकड्या-दगडांसाठी. हळूहळू जोरदार स्फोट होऊन स्वतःचेच तुकडे करणारे गोळे सगळीकडे आले आणि श्रॅपनेलही मागे पडला.

जंगलात डबा परत आला

दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिकच्या बेटांवर अंतर पुन्हा आटलं. घनदाट जंगल, रात्रीचा अंधार आणि थेट अंगावर येणारी जपानी तुकडी. मैलभर मागची तोफ इथे काय कामाची?

अमेरिकन सैन्याकडे ३७ मिलिमीटरची छोटी रणगाडाभेदी तोफ होती. युरोपातल्या जाड चिलखतापुढे ती केव्हाच दुबळी ठरली होती. पण तिच्यासाठी १२२ पोलादी गोळ्यांचा डबा होता. २१ ऑगस्ट १९४२च्या पहाटे ग्वादालकनाल बेटावर कर्नल इचिकी याची सुमारे ९०० जणांची तुकडी एका खाडीच्या मुखावरचा वाळूचा दांडा ओलांडून अमेरिकन मरीन सैनिकांवर धावून आली. वाळूचा चिंचोळा पट्टा आणि समोर डबा भरलेल्या तोफा. दुपारी हलके स्टुअर्ट रणगाडे दांडा ओलांडून गेले, त्यांनीही डबेच चालवले. जपान्यांचे जवळपास आठशे जण तिथेच मेले.

डबा रणगाड्यात गेला तो असा. जंगलात त्याचा आणखी एक उपयोग सापडला. एक-दोन बार काढले की समोरची झाडी पानं-फांद्यांसकट सोलून निघे आणि आड लपलेला मोर्चा उघडा पडे.

व्हिएतनाममध्ये छऱ्यांची जागा खिळ्यांनी घेतली. शेपटीला बारीक पंख असलेला जेमतेम इंचभर पोलादी खिळा, फ्रेंच भाषेत ‘फ्लेशेट’, म्हणजे छोटा बाण. १०५ मिलिमीटरच्या हॉवित्झरसाठी बनवलेल्या गोळ्यात असे सुमारे ८,००० खिळे होते. याचं नाव ठेवलं ‘बीहाइव्ह’, मधमाश्यांचं पोळं. २१ मार्च १९६७ला सुओई त्रे इथल्या अमेरिकन तोफतळाला व्हिएतकाँगच्या मोठ्या फौजेने घेरलं आणि बाहेरची फळी फोडली. तेव्हा गोलंदाजांनी एरवी आकाशाकडे असणारी हॉवित्झरची तोंडं आडवी केली आणि बीहाइव्ह मारले. ते संपल्यावर साधे स्फोटक गोळे तसेच समोर मारले. १८०३ आणि १९६७ यांच्यात तोफा बदलल्या, गोलंदाजाची अडचण मात्र तीच होती. शत्रू तोफेपर्यंत येऊन पोचला आहे.

मग रणगाड्याला मशीनगन पुरत नाही का?

शीतयुद्धाच्या शेवटी रणगाड्यांनी डबा पुन्हा विसरला. नव्या एब्रम्स रणगाड्याला १२० मिलिमीटरची मोठी तोफ बसवली गेली आणि तिच्यासाठी प्रामुख्याने दोनच प्रकारचे गोळे होते. एक म्हणजे शत्रूच्या रणगाड्याचं चिलखत भोसकणारा लांब धातूचा दांडा, दुसरा म्हणजे एका दिशेने जोर लावून चिलखत भेदत जाणारा स्फोटक गोळा. दोन्ही रणगाड्यांसाठी. आधीच्या रणगाड्यांच्या ९० आणि १०५ मिलिमीटर तोफांना माणसांविरुद्धचे गोळे होते, या नव्या तोफेला एकही नव्हता.

१९९९ मध्ये दक्षिण कोरियातल्या अमेरिकन सेनापतीने याची मागणी केली. तिथली भीती जुनीच होती. डोंगराळ, अरुंद वाटा आणि लाटेसारखं अंगावर येणारं पायदळ, हातात रणगाडाभेदी रॉकेट. रणगाड्याला मशीनगन असतेच, पण ती एका वेळी एका रेषेत मारते. दहा जण वेगवेगळ्या आडोशांमागून एकदम रॉकेट घेऊन उठले तर त्यांच्यावर एकेक करून नेम फिरवायला वेळ कुठला? आणि रॉकेटला एकच संधी पुरते.

यातून एम १०२८ हा गोळा आला. पातळ धातूचा डबा आणि आत टंगस्टनच्या सुमारे ११०० गोळ्या, प्रत्येकी साधारण साडेनऊ मिलिमीटरची. टंगस्टन का? तो शिशापेक्षाही बराच जड आणि कठीण, त्यामुळे छोट्या गोळीचाही वेग टिकतो आणि विटांच्या भिंतीही फुटतात. यात फ्यूज नाही, स्फोटक नाही. तोफेतून बाहेर पडताच हवेच्या दाबाने डबा फाटतो आणि गोळ्या मोकळ्या. मागणीतली अट अशी होती की एका गोळ्यात १० जणांच्या तुकडीतले किमान निम्मे आणि दोन गोळ्यांत ३० जणांच्या प्लॅटूनमधले किमान निम्मे टिपले गेले पाहिजेत. पल्ला ५०० मीटरपर्यंत.

आणि तो गेटिसबर्गचा मुद्दा आठवतोय? बहुतेक आधुनिक रणगाड्यांच्या तोफेच्या नळीत आटे नसतात, ती पुन्हा गुळगुळीत झाली आहे. केली ती चिलखतभेदी दांड्यासाठी, कारण तो फिरवायचा नसतो, शेपटीच्या पंखांनी सरळ जातो. पण फायदा आयता डब्याला मिळाला. मेदुवडा नाही, भरगच्च छर्रे.

फ्यूज नसण्याचा फायदा मोठा आहे. स्फोटक गोळ्याला नळीतून सुटल्यावर ‘जागं’ व्हायला काही अंतर जावं लागतं, नाहीतर आपल्याच तोंडाशी फुटेल. अगदी जवळच्या शत्रूवर तो निकामी ठरू शकतो. डब्याला असं काही लागत नाही.

पण अडचणीही जुन्याच. रणगाड्याच्या पुढे किंवा बाजूला आपलं पायदळ असेल तर डबा मारता येत नाही, छऱ्यांना आपला-परका कळत नाही. भरीव मातीच्या बांधामागे बसलेल्याला तो काही करत नाही. शिवाय रणगाड्यात सगळे मिळून गोळे मावतात जेमतेम चाळीस. डबे जास्त घेतले तर चिलखतभेदी कमी. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, नळीत आधीपासून काय भरलेलं आहे? वळणावर अचानक समोर आला तो रणगाडा की रॉकेटवाला, हे आधी कोण सांगणार.

ज्याच्यावर चालतं त्याची बाजू

छऱ्यांचा किंवा खिळ्यांचा गोळा पसरतो, हेच त्याचं बळ आणि हाच त्याच्यावरचा आक्षेप. लोकवस्तीत पसरणाऱ्या हत्याराने सैनिक आणि नागरिक वेगळे कसे करायचे?

खिळ्यांच्या गोळ्यांवर आंतरराष्ट्रीय कायद्यात नाव घेऊन बंदी नाही. १९८०च्या एका करारानुसार, एक्स-रेमध्ये न दिसणाऱ्या तुकड्यांनी इजा करणं हाच ज्यांचा मुख्य परिणाम आहे अशी हत्यारं निषिद्ध आहेत. पोलादी खिळे एक्स-रेमध्ये दिसतात, त्यामुळे ते त्यातून सुटतात. गाझा पट्टीत इस्रायली रणगाडे असे गोळे वापरत होते, त्याविरोधात इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयात मानवाधिकार संघटना गेल्या. एप्रिल २००३ मध्ये न्यायालयाने याचिका फेटाळली. कुठे, कसं वापरायचं हा लष्कराच्या नियमांचा प्रश्न आहे, अशी भूमिका घेतली गेली. एप्रिल २००८ मध्ये गाझात रॉयटर्स वृत्तसंस्थेचा एक कॅमेरामन दूरवरच्या रणगाड्याचं चित्रीकरण करत असताना त्याच रणगाड्याने सोडलेल्या खिळ्यांच्या गोळ्याने मारला गेला. त्याच्या कॅमेऱ्यात गोळा सुटल्याचा क्षण आला आहे. आजूबाजूला उभी असलेली मुलंही गेली.

पीटर्सबर्गच्या चौकात जे झालं होतं, त्याचंच हे दुसरं रूप. हत्यार मोकळ्या मैदानातल्या रांगेसाठी बनतं आणि चालतं वस्तीत.

आता डबाही जाणार?

अमेरिकन सैन्याने एब्रम्ससाठी एम ११४७ नावाचा नवा गोळा तयार करून घेतला आहे. आधीचे चार वेगवेगळे गोळे काढून त्यांच्या जागी हा एकच ठेवायचा, अशी योजना आहे. त्या चारांत आपला डबा, म्हणजे एम १०२८, आहे. नवा गोळा भिंतीवर आदळून फुटू शकतो, भिंत भेदून आत जाऊन फुटू शकतो किंवा शत्रूच्या डोक्यावर हवेतच फुटून टंगस्टनचे तुकडे पसरवू शकतो. तेही २००० मीटरपर्यंत, म्हणजे डब्याच्या चौपट अंतरावर.

कसं फुटायचं हे नळीत असतानाच ठरतं. तोफेच्या मागच्या बाजूला एक विजेची जोडणी असते, लेझरने मोजलेलं अंतर त्यातून गोळ्याला कळवलं जातं आणि गोळा तितक्या अंतरावर जाऊन फुटतो. श्रॅपनेलच्या काळात हे काम एक गोलंदाज करायचा. डोळ्यांनी अंतराचा अंदाज घेऊन, वात हातात धरून, चाकूने कापून.